हातगुण

माझ्या धाकट्या भावाच्या हाताची तारीफ ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. तो गोल्फ खेळून पोट भरायचा. लांबचे फटके त्याचे चारचौघांसारखेच. पण चेंडू एकदा भोकाजवळच्या बारीक कापलेल्या गवतावर, म्हणजे ग्रीनवर आला आणि याने पटर हातात घेतला, की बघणारे बोलायचे थांबत. पटर ही पिशवीतली सगळ्यात साधी काठी. तिने चेंडू उडवायचा नसतो, नुसता घरंगळत भोकात घालायचा असतो. एवढ्याशा कामात भल्याभल्यांची भंबेरी उडते. धाकटा मात्र दोनदा भोकाकडे बघायचा, काठी टेकवायचा आणि मारून मोकळा व्हायचा. वार्ताहरांनी विचारलं की म्हणायचा, "काही नाही हो, हाताला कळतं."

बाबा याला हातगुण म्हणायचे. काही डॉक्टरांचा असतो, काही माळ्यांचा असतो, तसा आमच्या राजाचा आहे, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. मला त्यांनी नाव ठेवलं होतं मोजपट्टी.

मी आणि बाबा मैदानाच्या मागच्या बाजूला काठ्या दुरुस्त करायच्या खोलीत काम करायचो. एक लांब टेबल, त्याला घट्ट बसवलेला, काठी आवळून धरणारा व्हाइस, भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या बिनमुठीच्या काठ्या, चिकटपट्टीची रिळं आणि डोकं धरेल इतक्या उग्र वासाचं सॉल्व्हंट. खिडकीतून सरावाचं ग्रीन दिसायचं. बाबा काम अंदाजाने करत आणि मी मोजून करत असे. गिऱ्हाइकं माझ्या कामावर खूश असत आणि जाताना आभार बाबांचे मानत.

काठीला वर रबराची मूठ असते, ती ग्रिप. झिजली की कापून काढायची, काठीवर दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावायची, सॉल्व्हंट ओतायचं आणि नवी ग्रिप सरकवायची. मग तीन-चार मिनिटं ती फिरवता येते. सॉल्व्हंट उडालं की संपलं, पुन्हा कापल्याशिवाय हलत नाही. पटरच्या ग्रिपची पुढची बाजू सपाट असते आणि दोन्ही अंगठे तिच्यावर टेकतात. न बघताही अंगठ्यांना कळतं, काठीचं तोंड कुठे आहे. हाताला कळतं म्हणतात ते एवढंच.

मी सोळा वर्षांची होते, धाकटा बाराचा. बाबांनी त्याच्या पटरला ग्रिप बसवली आणि मी सवयीने मोजपट्टी लावून बघितली.

"बाबा, ही वाकडी बसलीय."

"बसू दे."

"दोन डिग्री वाकडी आहे."

बाबांनी उठून दार लावलं. "हळू बोल. त्याचा हात मारताना उजवीकडे उघडतो. दोन डिग्री. म्हणून मी मूठच तेवढी फिरवून देतो. त्याच्या हातात गेली की काठी सरळ होते."

"मग त्याला सांगा ना, हात सुधार म्हणून."

"सांगितलं की तो हाताकडे बघायला लागेल. आणि बघायला लागला की मेला. तुझ्या तोंडून एक शब्द बाहेर पडला तर याद राख."

दोन अंश म्हणजे घड्याळाचा मिनिटकाटा वीस सेकंदांत सरकतो तेवढं. डोळ्याला दिसत नाही. पण दहा फुटांवरून तेवढ्यात चेंडू भोकाबाहेर चार बोटं जातो. त्यानंतर धाकट्याने जेवढे पटर घेतले, कंपन्यांनी जेवढे त्याला फुकट दिले, ते सगळे आधी बाबांकडे आले. तो समजायचा, बाबांच्या हातची ग्रिप शुभ असते. पहिल्या स्पर्धेला जाताना तर त्याने बाबांच्या हातालाच कपाळ लावलं होतं. यंत्रावर हात मोजायला तो कधी उभा राहिला नाही, कारण बाबांनी त्याला सांगून ठेवलं होतं की हातगुण मोजला की उतरतो.

तेव्हा मीही खेळत होते. बरी खेळायचे. लांबचे फटके धाकट्यापेक्षा सरळ जायचे माझे, पण ग्रीनवर गेले की माती खायचे. तीन वर्षं मी स्पर्धा खेळले, रडत घरी आले आणि एकोणिसाव्या वर्षी काठ्या ठेवून टेबलामागे उभी राहिले. पस्तिसाव्या वर्षी एका कंपनीने चाचणीसाठी एक कॅमेऱ्याचं यंत्र आमच्या खोलीत ठेवलं. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून मी माझाच हात मोजला. डावीकडे, दीड अंश. मी एका पटरवर तेवढी उलटी फिरवून ग्रिप बसवली आणि सतरंजीवर सहा फुटांवरून पन्नास चेंडू मारले. सत्तेचाळीस पेल्यात गेले.

बाबा चहा पीत होते. मी म्हटलं, "बाबा, माझा हात दीड डिग्री डावीकडे जातो."

"जात असेल."

"तुम्ही माझी ग्रिप कधी बघितलीत?"

"तुझी कशाला बघू? तुला कुठे स्पर्धा खेळायच्या होत्या?" ते म्हणाले आणि बिस्किट बुडवलं.

त्यांना आठवतच नव्हतं. मला लपवाछपवी परवडली असती, भांडण परवडलं असतं. हे वाक्य मी सात वर्षं चघळत होते आणि त्याची चव काही जात नव्हती.

गेल्या वर्षी बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. समजतं सगळं, पण शब्दाचं पहिलं अक्षर तोंडातून निघतं आणि गाडी तिथेच अडकते. पाणी हवं असलं की "पा, पा." मला हाक मारायची तर "ता, ता." डाव्या हातात पेन दिलं तर कागदावर नुसता गुंता होतो. घरी एकटं ठेवता येत नाही, म्हणून मी त्यांना चाकाच्या खुर्चीवरून रोज कामावर घेऊन जायचे आणि खिडकीशी बसवायचे.

हंगामाची शेवटची स्पर्धा यंदा आमच्याच मैदानावर होती. धाकटा अडतिसाचा झाला होता आणि वर्षभराच्या क्रमवारीत शहाण्णवावा होता. पहिल्या शंभरांत राहिला तर पुढच्या वर्षी खेळायचं कार्ड मिळणार. बाहेर पडला तर वीस वर्षांच्या पोरांबरोबर पात्रता फेरीला उभं राहायचं, आणि त्या वयात तिथून कुणी परत येत नाही. तो आदल्या दिवशी खोलीत आला आणि पटर टेबलावर ठेवला.

"ताई, ग्रिप पार गुळगुळीत झालीय गं. पकड राहत नाही. बाबांसमोर बसव हं, त्यांचा हात लागल्यासारखं होईल."

"बाबांचा हात लागला तर तुझी काठी माझ्या पायावर पडेल," मी म्हटलं. तो हसला. माझ्या बोलण्याला तो नेहमी हसतो.

मी पटर व्हाइसमध्ये धरला, जुनी ग्रिप कापली. खरं सांगते, तोवर माझं काही ठरलं नव्हतं. दोन अंश फिरवायची मला सवय होती, झटक्याच्या आधीची दोन वर्षं बाबांचे हात थरथरायचे म्हणून ते काम मीच करत होते. पट्टी लावली, सॉल्व्हंट ओतलं, ग्रिप सरकवली. बाबांनी डाव्या हाताची दोन बोटं वर केली. मी बघितलं. आणि मोजपट्टी लावून ग्रिप नाकासमोर सरळ केली.

बाबांना इतक्या लांबून ते दिसलं कसं, देव जाणे. खुर्चीत पुढे झुकून ते ओरडायला लागले. "वा! वा!"

धाकट्याचा चेहरा फुलला. "ऐकलंस? वा वा म्हणतायत!"

"वा! वा! वा!" बाबांच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली. ते वाकडी म्हणत होते. वाकडी कर, वाकडी. मला कळत होतं आणि आणखी तीन मिनिटं ग्रिप फिरवता येणार होती.

"बाबा, एवढं काय," धाकटा त्यांच्यापाशी गुडघ्यावर बसला, रुमालाने त्यांचं तोंड पुसलं. "तुम्ही वा म्हणालात, आता मला कशाची भीती? ताईनेपण शिकून घेतलंच की तुमचं काम." बाबांनी डाव्या हाताने त्याचा सदरा धरून ओढला. याला वाटलं जवळ घेतायत. त्याने त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि बाबा त्याच्या कानात वा वा करत राहिले.

मी ग्रिपवरचा हात काढला नाही. चार मिनिटं झाली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला सरळ काठी मिळाली.

पहिल्या दिवशी त्याने अठरा होलना मिळून पस्तीस पट, म्हणजे पटरचे फटके, घेतले. एरवी अठ्ठावीस घेतो. चेंडू सारखा भोकाच्या उजव्या काठाला चाटून जात होता. मी दोरीच्या मागे उभी राहून बघत होते. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू? पहिल्या चुकीला थोडा, नवव्याला भरपूर.

दुपारी तो खोलीत आला. "ताई, हाताला काही कळेनासंच झालंय."

इथे मी गप्प राहिले असते तर कदाचित त्याच्या हाताने एक-दोन दिवसांत स्वतःच वाट काढली असती. त्याचा हात तसा खरंच हुशार होता. त्याची ग्रिप कापून नवी दोन अंश फिरवून बसवली असती तर दहा मिनिटांत विषय संपला असता. मी म्हटलं, "चल, बघू या तुझा हात. हातगुण उतरलाच आहे, आता मोजायला काय भीती?"

सरावाच्या ग्रीनवर खडूने सरळ रेघ मारली. फोन तिवईवर लावून त्याचे फटके टिपले आणि एकेक चित्र थांबवून त्याला दाखवलं. "हे बघ. चेंडूला लागताना तुझ्या मनगटाची खिट्टी सुटते. काठी उजवीकडे उघडते. दोन डिग्री."

तो चित्राकडे टक लावून बघत राहिला. "हे कधीपासून?"

"कायमचंच असणार. लहानपणी जे वळण लागतं ते."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. मी कुठेही वाकड्यात शिरले नाही.

"मग आजवर जात कसे होते?"

"नशीब म्हण. वय झालं की नशीब आटतं." मग मी त्याला शिकवलं. डावं मनगट कसं घट्ट ठेवायचं, अंगठा कुठे दाबायचा, श्वास कधी सोडायचा, खांदे किती हलवायचे. ग्रिपच्या सपाट बाजूवर जाड कागदाच्या कार्डाची कड टेकवून काठी सरळ आहे का ते कसं तपासायचं, तेही दाखवलं. मी चांगली शिकवते. तो प्रत्येक गोष्ट वहीत लिहून घेत होता आणि खिडकीतून बाबा बघत होते.

दुसऱ्या दिवशी चौतीस पट, तिसऱ्या दिवशी सदतीस. आता चेंडू उजवीकडेही जायचा, डावीकडेही जायचा, कधी अर्ध्या वाटेत थांबायचा. जो माणूस दोनदा बघून मारून मोकळा व्हायचा तो आता काठीवर वाकून पुटपुटायला लागला. मनगट, अंगठा, श्वास. त्याची पिशवी उचलणारा म्हातारा कॅडी माझ्यापाशी येऊन म्हणाला, "याच्या डोक्यात कुणी किडा सोडलाय?" मी म्हटलं, मलाही काळजी वाटतेय. लांबच्या फटक्यांच्या जोरावर तो कसाबसा तग धरून होता.

चौथ्या दिवशी सकाळी खेळाआधी त्याने पटर माझ्या टेबलावर ठेवला आणि बूट बांधायला बाहेर गेला. मी मागच्या कपाटात चिकटपट्टी शोधत होते. खुर्ची सरकल्याचा आवाज आला म्हणून वळले तर बाबा टेबलापाशी पोचले होते. पटर मांडीवर आडवा, डाव्या हातात आकडीसारख्या वळलेल्या पात्याची सुरी. ग्रिप कापायला बघत होते. काठी घसरत होती, सुरी घसरत होती, आणि मांडीवरची चादर लाल झाली होती. तरी थांबत नव्हते. रबराला बोटभर चीर पडली होती.

मी जागची हलले नाही. धाकटा आत आला आणि धावला. "अहो बाबा! काय करताय! सोडा, सोडा बघू!" त्याने सुरी काढून घेतली. पटर मात्र बाबा सोडेनात. मग त्याने त्यांचं एकेक बोट हळूच उकललं, लहान मुलाच्या मुठीतून खडा काढावा तसं, आणि रुमाल बांधला. "ताई, सुरी यांच्या हाताला येईल अशी ठेवू नकोस ना गं."

"चुकलंच माझं," मी म्हटलं.

चीर खालच्या टोकाला होती, त्याने तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळली. तो गेल्यावर बाबांनी माझ्याकडे बघितलं. बेचाळीस वर्षांत इतका वेळ त्यांनी माझ्याकडे कधीच बघितलं नव्हतं. मी त्यांच्या जखमेवर औषध लावलं, त्यांना पाणी पाजलं आणि त्यांची खुर्ची ढकलत शेवटच्या, अठराव्या होलपाशी घेऊन गेले. खिडकीतून ते ग्रीन दिसत नाही.

धाकटा तिथे पोचला तेव्हा फळ्यावर सगळं लिहिलेलं होतं. पाच फुटांचा पट गेला तर तो शंभरावा, नाही गेला तर एकशे दुसरा. असले पट त्याने आयुष्यात हजारो घातले असतील, कित्येक तर गप्पा मारता मारता.

तो उभा राहिला. अंगठ्यांकडे बघितलं. अंगठा सरकवला. मागे झाला. परत उभा राहिला, परत अंगठ्यांकडे बघितलं. तीनदा असं झालं. लोक चुळबुळायला लागले. बाबांचा डावा हात खुर्चीच्या दांडीवर आपटत होता आणि मी तो धरून ठेवला. शेवटी त्याने मारलं. उजवीकडे जाऊ नये म्हणून इतकं आवळून मारलं की चेंडू भोकाला न शिवता डावीकडून निघून गेला. कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. त्याने टोपी काढली, समोरच्या खेळाडूशी हात मिळवला आणि चेंडू उचलायचं विसरून चालायला लागला.

मला वाटलं होतं, आता पोटातलं ओझं उतरेल आणि मी त्याला सांगून टाकेन. घरी गेल्यावर, जेवल्यावर, उद्या सकाळी. सांगितल्यावर त्याने मला शिव्या घालाव्यात, माझ्या तोंडावर थुंकावं, अशी माझी तयारी होती.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तो खोलीत आला. काखेत जुने पटर होते, वीस वर्षांतले, अकरा. त्याने ते टेबलावर ओळीने मांडले. डोळे सुजलेले होते.

"ताई, तू शिकवलंस तसं कार्ड लावून बघितलं मी काल. सगळ्या वाकड्या आहेत."

"काय?"

"बाबांनी बसवलेल्या सगळ्या ग्रिपा. एक नाही, दोन नाही, अकराच्या अकरा. दोन डिग्री, सगळ्या एकाच बाजूला." त्याचा आवाज चढला. "यांना कधी सरळ बसवताच आली नाही. आणि मी वाकड्या काठ्या घेऊन शंभरांत राहिलो, ताई! सरळ मिळाली असती तर कुठे असतो मी? हात बिघडणार नाही तर काय होणार?"

तो खुर्चीकडे वळला. "बाबा, वीस वर्षं. मी आशीर्वाद म्हणून घेऊन जायचो हो. तुम्हाला येत नव्हतं तर ताईला करू द्यायचं होतं. ती बिचारी शेजारीच उभी होती. तिला मोजपट्टी म्हणून हिणवत राहिलात."

बाबा माझ्याकडे बघत होते. मला आवाज होता, शब्द होते, समोर भाऊ उभा होता. एक वाक्य पुरे होतं. मी ते शोधलंसुद्धा, आणि मग माझ्या लक्षात आलं की मला ते सांगायचंच नाहीये. आमच्या घरात माझ्या बाजूने कुणीतरी पहिल्यांदा बोलत होतं.

"सगळ्या सरळ करून दे," धाकटा म्हणाला. "पात्रता फेरीला जातोय मी. आता नीट शिकून जाईन. तू आहेस ना?"

"आहे की," मी म्हटलं.

त्याने बाबांची खुर्ची धरली आणि भिंतीकडे तोंड करून फिरवली. मी पहिला पटर व्हाइसमध्ये आवळला आणि ग्रिप कापायला घेतली.